वावर विकायच्या आधी : गावच्या कॉलेजबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हा मेसेज फिरायला लागतो. यंदा एकाच दिवसात मला तो चार ग्रुपवर आला : गावाच्या, नातेवाइकांच्या, भजनी मंडळाच्या आणि कापूसवाल्यांच्या. मजकूर थोडक्यात असा : "शेतकरी बांधवांनो, पोरांना तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात टाकून तीन वर्षं वाया घालवू नका. तिथं शिकवायला मास्तर नाही. स्कॉलरशिप नुसती कागदावर. नव्या धोरणात डिग्री चार वर्षांची झाली. त्या डिग्रीला पुण्या-मुंबईत कोणी विचारत नाही. एकरभर वावर विका, पण पोराला खासगी विद्यापीठातच घाला."

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. शिष्यवृत्तीचा टेबल माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी हाच मेसेज दाखवून आमच्या शेजारच्या काकांनी दीड एकर विकलं. पोरगा मन लावून शिकतोय, त्याचं चांगलंच होवो. पण दोन वर्षांची फी आणि खोलीचं भाडं यात ते पैसे संपले. तिसऱ्या वर्षाचं काय, हे काकांना सुचत नाही. म्हणून हे लिहितोय.

"शिकवायला मास्तर नाही." यात खरं आहे, आणि ते मी झाकणार नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. तासिकावाल्या सरांना महिनोन्‌महिने मानधन मिळत नाही, मग ते दिवाळीनंतर दुसरं काही धरतात आणि विषय अर्ध्यावर राहतो. याविरुद्ध बोललंच पाहिजे, आणि पालकांनी जास्त बोललं पाहिजे. पण मेसेज वाचून वाटतं की वर्गात कोणी अडाणी उभा असतो. आमच्याकडे तासाच्या हिशेबावर शिकवणाऱ्यांत प्राध्यापक होण्यासाठी लागणारी नेट-सेट परीक्षा पास झालेले आहेत, पीएचडी झालेले आहेत. तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात या आणि सरळ विचारा : या विषयाला कायम सर आहेत का? प्रयोगशाळा चालू आहे का? एखादा विषय खरंच कच्चा राहत असेल तर 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर अभ्यासक्रम फुकट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करून त्यांचे क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, घेता येतात. त्यासाठी कॉलेजची तयारी लागते. तीही विचारून घ्या.

"स्कॉलरशिप नुसती कागदावर." इथं मला जास्त बोलायचं आहे, कारण हे रोज माझ्यासमोर घडतं.

मागच्या हिवाळ्यात, वेचणीच्या दिवसांत, एक पोरगी आली. बोटांना बोंडांचे ओरखडे. "सर, सगळ्यांचे पैसे आले, माहेच नाही आले. बाबा म्हणतात कॉलेज सोड." महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर तिचा अर्ज उघडला, तर मंजूर. पैसे जमा झाल्याचीही नोंद. ती मात्र पासबुक पुढं करून सांगत होती की एक रुपया नाही. बऱ्याच विचारपूशीनंतर तिला आठवलं : आठवीत असताना गावात शिबिर लागलं होतं, तेव्हा अंगठा देऊन कुठलं तरी खातं उघडलं होतं. आधार त्याच खात्याला जोडलेलं. अर्जात आपण कोणताही खाते क्रमांक लिहिला तरी पैसे जातात आधार जोडलेल्या खात्यात. त्या खात्यात तिची पूर्ण रक्कम पडून होती. घरात तोवर तिच्या कॉलेजवरून तीन महिने भांडण चाललेलं.

पैसे "आले नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी माझ्या टेबलावर येणारी बहुतेक प्रकरणं अशीच असतात. कुठं आधार दुसऱ्याच खात्याला, कुठं दाखल्यावरच्या आणि आधारवरच्या नावात फरक. कुठं त्रुटीसाठी अर्ज परत पाठवलेला असतो आणि पोरानं नंतर लॉगिनच केलेलं नसतं. दुसऱ्या वर्षाला नूतनीकरण करायचं असतं हेच कित्येकांना माहीत नसतं. उशीर मात्र सरकारचा होतो, आणि तो फार वाईट होतो. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आणि राज्याचा ४० टक्के वेगवेगळा येतो. पैसे पेरणीच्या तोंडावर खात्यात पडले की ते बियाण्यात जातात आणि कॉलेजची फी तशीच राहते. त्या बापाला दोष देण्याची माझी हिंमत होत नाही.

आणि स्कॉलरशिप "फक्त त्यांनाच", म्हणजे राखीव प्रवर्गालाच, मिळते असंही लोक या मेसेजखाली लिहितात. चूक आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना (वरचं पोर्टल वेगळं), ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना (हिचा आधार कार्डाशी संबंध नाही). नागपुरात राहून शिकणाऱ्याला त्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात.

आता मेसेज जे लिहीत नाही ते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, हवा. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांनाही ती लागू आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्या निर्णयातच वगळलेली आहेत. म्हणजे मेसेजचं ऐकून तुम्ही मुलीला ज्या दारातून आत घालायला निघालात, तिथं ही माफी नाही.

"डिग्री चार वर्षांची झाली." तीन वर्षांनी पदवी मिळतेच. चौथं वर्ष ऑनर्सचं, हवं त्यानं करावं. ते केलं तर पुढचं एमए-एमएस्सी एका वर्षात होतं.

"त्या डिग्रीला कोणी विचारत नाही." कोण विचारत नाही? एमपीएससीच्या राज्यसेवेला, बँकेच्या परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते. अमरावती विद्यापीठ १९८३चं, नागपूर विद्यापीठ १९२३चं, दोन्ही मान्यताप्राप्त. आमच्याकडून बीएस्सी झालेला पोरगा आयआयटीत एमएस्सीला जाण्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा देतो, तेव्हा पेपरवर कॉलेजचं नाव नसतं. पुढं संशोधनासाठीची जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. अडचण आहे ती ही की या परीक्षांचं नावच तिसऱ्या वर्षापर्यंत पोरांच्या कानावर पडत नाही. ही आम्हा कॉलेजवाल्यांची चूक आहे.

कंपनीच्या नोकरीबाबत मी मोठ्या बाता मारणार नाही. साध्या बीए-बीकॉमला कंपन्या आमच्या तालुक्यात येत नाहीत. पण खासगी विद्यापीठाच्या जाहिरातीतलं पॅकेज किती जणांना मिळालं, हेही विचारा. एकाचा फोटो असतो, वर्गात बाकीचेही असतात.

त्याच काकांची धाकटी यंदा बारावी झाली. तिला कृषी करायचं आहे, सीईटी दिली आहे. रविवारी काका तिला घेऊन आले, हातात खताच्या दुकानाची पिशवी आणि तिच्यात सगळी कागदं. ओट्यावर बसून एकेक लावून पाहिली. टीसी, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी आहे. नॉन क्रिमिलेअरची मुदत संपलेली. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते मोबाइलवर पाहिलं, बरोबर निघालं. सोमवारी सकाळच्या बसनं दोघं सेतूत जाणार आहेत. पसंतीक्रमात पहिलं नाव तिनं अकोल्याच्या कृषी महाविद्यालयाचं लिहिलंय.