चिलर हॉलमध्ये नको, असं का म्हणालो

नमस्कार. उन्हाळ्यात माशांच्या टाकीचं पाणी गार कसं ठेवायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चांगलीच झणझणीतही, त्यामुळे दोन ओळींत तिची बोळवण करत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी पुण्याच्या कोरड्या हवेत बसून टाकीवर पंखा लावायचे सल्ले देतो, ठाण्यात पंख्याने पाणी गार होत नाही, फक्त भिंतींना ओल येते. चिलर म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, तर त्याने हॉल तापतो हे हास्यास्पद आहे. बर्फाच्या बाटल्यांना मी उगाच नावं ठेवतो. आणि तुमचे डिस्कस मासे मे महिन्यात जगले ते २६ अंशांवर लावलेल्या चिलरमुळेच.

आधी चिलर. तो पाण्यातली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे तुमच्याच हॉलमध्ये. तिथून ती काचेतून हळूहळू परत टाकीत शिरते, चिलर पुन्हा तिला बाहेर काढतो. या फेऱ्यात कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची भर पडत राहते. म्हणून जाळीमागे हात धरून किती गरम लागतं ते बघण्यापेक्षा मीटर बघा. टाकीच्या नावावर दिवसाला जितके युनिट पडतात, तितकी उष्णता शेवटी हॉलमध्ये येते.

चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी धरू, म्हणजे सुमारे ४५० लिटर. फिल्टर आणि पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर मिळून ४५ वॅट दिवसरात्र, ९० वॅटचा एलईडी आठ तास: झाले १.८ युनिट. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, म्हणजे दिवसाला २.४ युनिट. नुसत्या टाकीचा त्रास घरी राहायला आलेल्या पाहुण्याइतकाही नाही! पण २५० वॅटचा चिलर दहा तास चालला, की आणखी अडीच युनिट. वर एसी लावलात, तर तीच उष्णता घराबाहेर काढायला एसीही वीज खाणार.

यातही सगळ्यात वाईट जागा म्हणजे टाकीखालचं कपाट. दुकानदार तिथेच बसवून देतात, कारण दिसायला छान दिसतं. बंद दाराआड तो स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो, पाण्याचं तापमान नीट उतरत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. चिलर घ्यायचाच असेल तर ड्राय बाल्कनीत ठेवा, पाइपांना फोमचं आवरण घाला, अंतर वाढतं म्हणून पंपाचा जोर आधी तपासा आणि पावसाची झड लागणार नाही असं बघा. तिथे ठेवला, की तीच टाकी हॉलमधली उष्णता शोषून घराबाहेर टाकते.

पंख्याबद्दल तुमचा मुद्दा ठाण्यापुरता बरोबर आहे, आणि माझा लेख पुण्याबद्दल होता. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. ते किती उडेल, हे हवा ठरवते. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या दुपारी थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला, तर पारा २१ च्या आसपास येतो. ३३ अंश आणि ७० टक्क्यांना तो २८ च्या खाली जात नाही. पंखा टाकीला हवेच्या तापमानापासून या आकड्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत नेतो, फार तर. नागपुरात कूलर चालतो आणि दादरला चालत नाही, त्यातलाच हा प्रकार. भिंतींना ओल येते ती खिडक्या बंद ठेवल्यामुळे. आणि एसी चालू असताना टाकीवरचा पंखा बंदच करा. उडालेली वाफ एसीला पुन्हा पाणी करून काढावी लागते, म्हणजे केलेलं सगळं त्याच्या गळ्यात. उडालेलं पाणी भरताना आरओचं घाला, बोअरचं नको. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, मागे साठत राहतात.

बाटल्यांचा हिशेब बघा. एक किलो बर्फ वितळून २८ अंशांपर्यंत येईतो सुमारे ४५० किलोज्यूल उष्णता घेतो. ४५० लिटर पाणी एक अंश उतरवायला सुमारे १,८८० लागतात. म्हणजे एका बाटलीने पाव अंश. चार बाटल्या टाकून एक अंश मिळवाल, तो रात्रीतून परत चढेल, आणि तेवढ्या वेळात फ्रिजने ती उष्णता स्वयंपाकघरात ओतलेली असेल. वीज गेल्यावर टाका, रोजचा उपाय म्हणून नाही.

राहिले तुमचे डिस्कस, आणि इथे मात्र मी अजिबात सहमत नाही. डिस्कसला २८ ते ३० अंश मानवतात. गार पाणी लागणारे गोल्डफिश असते तर मीच चिलर घ्या म्हणालो असतो. तापलेल्या पाण्यात मासे वर येऊन तोंड मारतात ते बरेचदा प्राणवायू कमी पडल्यामुळे: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ७.६. फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग चांगला हलता ठेवलात, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. चिलर २९ वर लावा. ३३ अंशांच्या हॉलमध्ये सात अंशांचा फरक राखण्याऐवजी चारचा राखायचा, म्हणजे काचेतून आत येणारी उष्णता जवळपास निम्म्यावर. एकदम नको, रोज अर्धा अंश चढवा. आणि चिलर कपाटात असेल, तर आधी त्याचं दार उघडा.