कस्टम इन्स्पेक्टरचा ओव्हरटाइम जातो कुठे?

आठवडाभर बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "कस्टम इन्स्पेक्टर मुद्दाम संध्याकाळपर्यंत माल अडवतात. ऑफिस सुटल्यावर व्यापारी ओव्हरटाइम फी भरतो, ती थेट त्यांच्या खिशात जाते, तीही पगाराच्या दुप्पट दराने." दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा याच नोकरीत आहे. त्यांनी मला विचारलं, "हे खरं का रे?" क्लिअरिंगच्या, म्हणजे व्यापाऱ्यांचा माल कस्टममधून सोडवून देण्याच्या कामात माझी अठरा वर्षं गेली. काकू, खरं नाही.

आधी खिशाचं बघू. कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम ३६ नुसार सुट्टीच्या दिवशी किंवा कामाची वेळ संपल्यावर माल चढवा-उतरवायचा तर आधी नोटीस आणि फी द्यावी लागते. तीच आमची एमओटी, म्हणजे मर्चंट ओव्हरटाइम. दर १९९८ च्या नियमावलीत ठरलेले आहेत आणि पैसे सरकारी खात्यात जमा होतात.

'मुद्दाम उशीर' हा आरोप तर या फीचा नियमच माहीत नसल्यामुळे होतो. अधिकाऱ्याला कस्टमच्या हद्दीबाहेर बोलावलं, तर भर दुपारीही एमओटी लागते. मकरपुऱ्याच्या कारखान्यात कंटेनर भरताना इन्स्पेक्टर सकाळी अकराला उभा असला, तरी आम्ही ती भरायचो. २०१७ मध्ये निर्यातदाराने स्वतःच कंटेनरला ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावायची पद्धत आली आणि या फेऱ्या खूप कमी झाल्या. जिथे चोवीस तास क्लिअरन्स चालतो, त्या बंदरांवर आणि विमानतळांवर तर एमओटी घेतच नाहीत.

दुप्पट दर आहे, पण अमेरिकेत. तिथल्या कस्टम अधिकाऱ्यांना १९९३ च्या कायद्याने जादा तासांना मूळ वेतनाच्या दुप्पट मिळतं, त्यालाही वार्षिक मर्यादा आहे. आपल्याकडे सातव्या वेतन आयोगानंतर, जून २०१८ च्या आदेशाने, केंद्र सरकारने 'ऑपरेशनल' (म्हणजे कार्यालयाचं प्रत्यक्ष कामकाज चालू ठेवणारे) कर्मचारी आणि औद्योगिक कामगार सोडून बाकी सगळ्यांचा ओव्हरटाइम भत्ता बंद केला. ऑपरेशनल यादीत जे राहिले, त्यांचा दरही १९९१ चाच ठेवला. वरिष्ठांनी लेखी सांगितल्याशिवाय तोही मिळत नाही.

माल कधीच अडत नाही, असं मी म्हणणार नाही. माझेही कंटेनर अडलेत आणि डेमरेजही (माल जास्त दिवस पडून राहिल्याचं शुल्क) भरलंय. तुमचा अडला असेल तर बिल ऑफ एंट्रीचा (आयात मालासाठी कस्टमला दिलेल्या कागदाचा) नंबर, तारीख आणि कागद दिल्याची वेळ घेऊन या. असिस्टंट कमिशनरच्या नावे अर्ज मी स्वतः लिहून देईन.