हजारी किती?

काचेचा धंदा आमच्या घरात दोन पिढ्यांचा. वडिलांचं सोलापुरात नव्या पेठेत फ्रेमचं दुकान होतं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांपासून नव्या जोडप्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी एकाच भावाने काचेआड बसवलं. भाव फुटावर. गिऱ्हाईक आलं की लाकडी पट्टी लावायची, ओठांतल्या ओठांत गुणाकार करायचा, आकडा सांगायचा. काच फुटावर विकायची आणि फुटली तर आपली, एवढंच त्यांचं अर्थशास्त्र. रात्री दहाला घोरायला लागायचे.

मी काचेचा कलाकार झालो आणि घरातलं घोरणं बंद झालं.

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी माझ्या तेवीस वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. भरवणाऱ्या बाईंचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेलेला. "सर, वस्तू नंतर आणल्या तरी चालतील. आत्ता फक्त आकडे पाठवा." फक्त! अहो बाई, ८०० अंशांची भट्टी परवडली. सोलापुरात वाढलेल्या माणसाला उष्णतेचं काय कौतुक? मे महिन्यात बाहेर ४४, आत ८००. मी दोन्हीकडे सारख्याच बनियनवर असतो. आकडा लिहायचा म्हटलं की मात्र तळव्यांना घाम सुटतो.

कारण किंमत लिहायची तर वस्तूकडे नीट बघावं लागतं. आणि मी बघितलं की मला वस्तू दिसतच नाही. ताटलीवर उमललेलं कमळ असतं, मला पाकळीखालचा मोहरीएवढा बुडबुडा दिसतो. वाडग्याच्या काठावर दुधावरच्या सायीसारखी पांढुरकी झाक आलेली असते, कारण त्या रात्री भट्टी जरा जास्त वेळ तापती राहिली. दुसऱ्याच्या सुनेत खोड काढणाऱ्या बायका आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत, पण स्वतःच्याच पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं "जरा चालून दाखव" म्हणणारा बाप मी एकटाच असेन.

शिवाय वरून न दिसणारे दोषही असतात. भट्टीत दोन काचा एकजीव करायच्या तर तापल्यावर फुगण्याचं आणि निवताना आकसण्याचं दोघींचं माप जुळावं लागतं. त्याला आकडे आहेत: नव्वदची काच, शहाण्णवची काच. नव्वदचीने नव्वदच्याच घरात नांदायचं. शहाण्णववाल्यांचं काय सांगावं, त्या तर बाहेर सोयरीकच करत नाहीत. आणि वडिलांच्या दुकानातली खिडकीची साधी काच या दोघींच्याही पंगतीला बसत नाही. पत्रिका न बघता लग्न लावलं तर भट्टीतून जोडपं अगदी हसत बाहेर येतं, आणि पंधरा दिवसांनी मध्यरात्री कपाटातून 'टिक्' असा आवाज येतो.

पत्रिका जुळली तरी निववण्यात घाई चालत नाही. ५०० अंशांच्या आसपास काच बराच वेळ तशीच धरायची, मग मुंगीच्या पावलांनी खाली आणायची. नेमकी याच वेळी लाइट जाते. तेवीसपैकी चार वस्तूंच्या नशिबी अशी अर्धा तास गेलेली लाइट आली होती. म्हणून लॅपटॉपचा पडदा पांढरा करून त्याच्यासमोर काच धरायची आणि पोलराइज्ड गॉगल आडवा-तिरपा करून बघायचं. पडदा काळा पडतो, आणि काचेत ताण राहिला असेल तर तेवढीच जागा भुतासारखी उजळते.

रात्री साडेअकराला, घरातले दिवे मालवून, बनियनवर गॉगल घालून, मान वाकडी करून मी हे करत होतो. बायको पाणी प्यायला उठली.

"अहो, काय चाललंय?"

"ताण बघतोय."

"तो मला बिनगॉगलचाही दिसतोय," म्हणाली आणि झोपायला गेली.

मुलगी पुण्यात नोकरी करते, तिला सगळ्याचं सूत्र ठाऊक असतं. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, सामान, वीज, फुटतूट आणि तुमचे तास. बेरीज करा, वर नफा टाका. इमोशनल होऊ नका." कागद घेतला. काच, तांब्याची पट्टी, कथील. एका भाजणीला साधारण पंधरा युनिट वीज. इथपर्यंत वडिलांचं रक्त कामी आलं. गाडी अडली ती तासांवर. माझ्या तासाचा भाव काय? आधी धरला गवंड्याचा रोज, म्हटलं तोही हातानेच करतो, मीही. मग नजर गेली तलावाच्या दिव्यावर.

हा दिवा म्हणजे माझ्या तीन महिन्यांची कमाई, किंवा नुकसान. संध्याकाळचा सिद्धेश्वर तलाव, पाण्यात थरथरणारं देऊळ, निळ्या-जांभळ्या काचेचे १४३ तुकडे. प्रत्येक तुकडा कापायचा, घासायचा, कडेला तांब्याची पट्टी गुंडाळायची आणि मग शेजारच्या तुकड्याशी डाग देऊन जोडायचा. आमच्याकडे कथील-शिशाच्या जोडाला डाग म्हणतात. दागिन्यालाही डाग म्हणतात आणि कलंकालाही. त्या दिव्याच्या मागच्या अंगाला, नवव्या ओळीत, डागाची रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी वाकडी गेली आहे. तिच्याकडे बघून मी स्वतःला गवंड्यावरून बिगारीवर आणलं. पाऊणला पुन्हा बघितलं आणि बिगाऱ्याचा अर्धा दिवस कापला. दोन वाजता हिशेब असा निघाला की दिवा नेणाऱ्याला मीच काहीतरी द्यायला हवं.

उलटं टोकही गाठून झालं. अडीचला वाटलं, कलेला मोल असतं का? लिहिले बावीस हजार. लगेच प्रदर्शनातलं नेहमीचं जोडपं डोळ्यांसमोर उभं राहिलं. नवरा चिठ्ठी उलटून बघणार आणि बायकोच्या कानात सांगणार, "एवढ्यात घरादाराला चादरी येतील." आमच्या गावात कुठल्याही रकमेचं रूपांतर शेवटी चादरीतच होतं. चादर अंगावर घेता येते, धुता येते, पाहुण्याला देता येते. दिवा अंगावर घेतला तर टाकेच पडायचे. शून्य एक खोडला. बावीसशे! तेवढ्यात तर कथीलच आलेलं.

सकाळी शेजारच्या अक्का चटणी द्यायला आल्या. शेंगाची चटणी, खलबत्त्यातली, तेल सुटलेली. अक्कांचं वय पंचाहत्तर. पन्नास वर्षं बिड्या वळल्या. पत्र्याचं माप ठेवून तेंदूचं पान कातरायचं, मांडीवर सूप घेऊन वळायचं, रोज हजार. मजुरीही हजारावरच, म्हणजे हजारी. मी तुकडे कापायला बसलो की दारात उभ्या राहून माझी कात्रणं बघतात आणि "पान लई वाया घालवतोस" म्हणतात. हा पट्टी गुंडाळायचा प्रकार ज्या अमेरिकन काचकलावंत टिफनींच्या नावाने ओळखला जातो, त्यांच्या न्यूयॉर्कच्या कारखान्यातही काच निवडायला आणि कापायला बायकांचा वेगळा विभाग होता. त्यांची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल. त्या कारखान्याचे कितीतरी दिवे मुळात तिच्या डोक्यातून निघाले हे जगाला कळायला शंभर वर्षं जावी लागली, तेही तिची जुनी पत्रं हाती लागली म्हणून. अक्कांना हे एकदा सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मजुरी आठवड्याला का महिन्याला?"

माझे लाल डोळे आणि कोऱ्या चिठ्ठ्या बघून अक्का खाली टेकल्या.

"काय करायलास?"

"किंमत ठरवायलोय, अक्का. रात्रभर जमंना."

"हजारी किती?"

"हजार कुठलं अक्का, एकेकच आहे."

"मग सोप्पंय की. आधी छाट काढ, मग भाव सांग. छाट न काढता कोण भाव करतंय?"

आणि मला हलवून त्या माझ्या जागी बसल्या. बिड्या तपासणाऱ्याने पन्नास वर्षं यांच्या गड्ड्या चाचपल्या, नापास बिड्या छाट म्हणून बाजूला काढल्या, तो हात आता यांच्या अंगात आला. ताटली उचलली, काठावरून अंगठा फिरवला. "टोचतंय. छाट." वाडगा जमिनीवर ठेवून टिचकी मारली. "डुलतंय. छाट." बुडबुड्याचं कमळ उन्हात धरून बघितलं आणि चांगल्या मालात ठेवलं. "अक्का, त्यात बुडबुडा आहे." "मग? पाण्यातलं फूल हाय ना?" सायीवाला वाडगाही पास झाला. जो तुकडा मी निर्दोष समजून सगळ्यांत वर ठेवला होता, तो त्यांनी हात न लावता डावीकडे सरकवला. "हे कशाला केलंस?" मला उत्तर सुचलं नाही. छाट.

दहा मिनिटांत बावीस वस्तूंचा निकाल लागला. राहिला दिवा. अक्कांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हे पण छाट."

"अहो अक्का, का? काय वाईट आहे त्यात?" रात्रभर त्या दिव्याला शिव्या घालणारा मीच, पण आता आवाज चढला. "१४३ तुकडे आहेत! तीन महिने लागलेत!"

"मी आल्यापासून त्याच्याकडंच बघायलास. चांगल्या मालाकडं कोण एवढं बघतंय?"

मी गप्प. त्यांनी पदर खोचला, चटणीचा डबा रिकामा करून घेतला आणि दिवा दोन्ही हातांनी अलगद उचलून दाराकडे निघाल्या.

"अक्का, दिवा?"

"छाट निघाली की पैसे न्हाईत," अक्का म्हणाल्या, "आणि माल परत मिळत न्हाई. आमच्या वेळी असंच होतं."

पाच मिनिटांनी त्यांचा नातू आला. "काका, अक्का विचारायली, ह्याला होल्डर कुठाय?"

गेलो. स्टुलावर चढून होल्डर बसवला, वायर ओढली, बटण जोडलं. अक्कांनी देवाच्या फोटोशेजारची जागा रिकामी करून ठेवली होती, आणि मागची नववी ओळ भिंतीकडे गेली होती. परत येऊन कागद पुढे ओढला आणि लिहिलं: होल्डर, बटण, दोन मीटर वायर, एकूण १६५ रुपये. आदल्या रात्रीपासून न खोडलेला हा पहिला आकडा.