लिनक्ससाठी गेम काढला तर सोर्स कोड वाटावा लागतो म्हणे!

‘लिनक्सवर गेमिंगला भविष्य का नाही: सहा कारणं’ असा, लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलचा, एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. शेवटी ‘कोणत्याही डेव्हलपरला विचारा’ असंही ठोकून दिलंय. लिहिणाऱ्यानं स्वतः कोणाला विचारलेलं दिसत नाही. मी सोडून दिलं असतं. पण माझी भाची आणि तिचा एक मित्र गोडॉट इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटासा गेम करतायत, विकायचा बेत आहे, आणि परवा ती म्हणाली, “मामा, लिनक्सची बिल्ड आम्ही काढूनच टाकली. उगाच सगळा कोड द्यावा लागला असता.” म्हणजे या मेसेजनं नुकसान करायला सुरुवात केलीय. म्हणून हा खटाटोप.

तर तो मुद्दा आधी. मेसेज म्हणतो: ‘लिनक्स जीपीएल लायसन्सखाली आहे, त्यामुळे त्यावर चालणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ओपन सोर्स करावंच लागतं.’

जीपीएल म्हणजे असं लायसन्स, की त्याखालचा कोड वापरून काही नवं बनवून वाटलं तर त्याचाही सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ कोड, द्यावा लागतो. पण प्रत्येक सॉफ्टवेअरचा? धादांत खोटं. शंका असेल तर थेट कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स उघडा. त्यातल्या ‘कॉपीइंग’ नावाच्या फाइलमध्ये जीपीएलचा मजकूर सुरू व्हायच्या आधीच लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची टीप वर्षानुवर्षं होती. आता ती ‘लायसन्सेस’ फोल्डरमध्ये ‘सिस्कॉल नोट’ म्हणून वेगळी ठेवलीय. तिचा आशय असा: नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रॅमनं कर्नलकडे काम मागायची रीत) कर्नलच्या सेवा वापरणारे प्रोग्रॅम या लायसन्सच्या कक्षेत येत नाहीत, तो कर्नलचा साधा वापर आहे, त्यातून कर्नलवर बेतलेली नवी कृती तयार होत नाही. कर्नल ज्यांचा, त्यांनीच लिहून ठेवलंय. याच्यावर आणखी कोणाची सही हवी?

कर्नलच्या वर येते ती सी लायब्ररी, जीलिबसी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडचा संच. ती एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली आहे, आणि बंद कोडच्या प्रोग्रॅमनं ती जोडून घ्यावी याची सोय त्या लायसन्समध्येच आहे. एसडीएल ही गेमवाल्यांची नेहमीची लायब्ररी झेडलिब लायसन्सखाली. गोडॉट एमआयटी लायसन्सखाली. दोन्ही लायसन्सं बंद कोडला मोकळीक देणारी. एमआयटी लायसन्सची अट एवढीच की इंजिनची कॉपीराइट नोटीस आणि लायसन्सचा छोटासा मजकूर गेमसोबत द्या. क्रेडिट्सच्या स्क्रीनवर तो टाकला की काम झालं. आणि ती अट विंडोजच्या बिल्डलाही तशीच लागू आहे! भाचीनं लिनक्स काढून टाकून त्यातलं काहीच वाचवलं नाही.

उदाहरणंच हवी असतील तर ‘डूम’ १९९४ मध्ये लिनक्सवर आला आणि त्याचा सोर्स खुला झाला डिसेंबर १९९७ मध्ये, तोही आयडी सॉफ्टवेअरनं आपणहून केला म्हणून. ‘क्वेक ३ अरीना’ १९९९ मध्ये लिनक्ससाठी दुकानात विकायला होता. सोर्स आला २००५ मध्ये. खुद्द स्टीमचा (व्हॉल्व्ह कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान) क्लायंट लिनक्सवर २०१३ पासून आहे, आणि तो आजही बंद कोडचाच आहे. ओरॅकलचा डेटाबेस, थ्रीडी अॅनिमेशनचं माया, व्हिडिओ एडिटिंगचं डाविंची रिझॉल्व्ह, सगळे लिनक्सवर चालतात आणि एकाचाही कोड कोणी मागायला गेलेलं नाही. हां, तुम्ही स्वतः एखादी जीपीएलवाली लायब्ररी उचलून गेममध्ये घुसडली, तर बंधन येतं. पण मग ते विंडोजवरही येतंच. त्याचा ऑपरेटिंग सिस्टिमशी काडीचा संबंध नाही.

पुढचा आरोप: ‘लिनक्सवाले फुकटे, आणि वर तक्रारी करणारे.’ फुकटे? २०१० चा पहिला हंबल इंडी बंडल, म्हणजे छोट्या डेव्हलपरांच्या गेमचा एकत्र विकलेला संच, आठवा. किती पैसे द्यायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं, आणि लिनक्सवाल्यांची सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. हे सगळे जण सोयीस्करपणे विसरतात.

तक्रारींचं मात्र वेगळं आहे, ती संख्या खरीच जास्त असते. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’ या गेमच्या डेव्हलपरनं २०२१ मध्ये आपले आकडे उघड केले होते. विकलेल्या सुमारे १२,००० प्रतींपैकी ७०० लिनक्सवर, म्हणजे ५.८ टक्के. पण १,०४० बग रिपोर्टपैकी जवळपास ४०० लिनक्सवाल्यांचे. मेसेजवाला इथेच थांबला असता. डेव्हलपरनं पुढे मोजलं: त्या ४०० पैकी फक्त लिनक्सवरच येणारे बग किती? तीन. बाकीचे सगळे प्रत्येक सिस्टिमवर होते. विंडोजवाल्यांनी ते कळवले नाहीत, एवढंच. शिवाय लिनक्सवाले लॉग (गेमनं आपोआप केलेली नोंद) आणि बग पुन्हा कसा घडवायचा त्याच्या पायऱ्यांसकट लिहितात, असंही तो कौतुकानं सांगतो. ज्यानं कधी ‘गेम चालत नाही’ एवढीच तक्रार वाचलीय, त्याला याची किंमत कळेल.

‘शेकडो डिस्ट्रो, कोणाकोणासाठी बनवणार?’ डिस्ट्रो म्हणजे लिनक्सच्या फेडोरा, मिंट अशा वेगवेगळ्या आवृत्त्या. उत्तर: कोणासाठीच नाही. स्टीम स्वतःचा रनटाइम देतं, ठरावीक लायब्ररींचा संच, बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवलेल्या एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये. गेम त्याच्यासाठी बांधायचा. खाली फेडोरा आहे की मिंट, गेमला पत्ताही नसतो.

‘विंडोजचे गेम इम्युलेटरवर चालतात म्हणून हळू असतात.’ इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, इथे नाही. प्रोसेसर तोच, सूचना त्याच. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्रोटॉनमधलं वाइन फक्त विंडोजचे कॉल लिनक्सच्या भाषेत वळवतं, आणि डीएक्सव्हीके आणि व्हीकेडी-थ्रीडी विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडी या ग्राफिक्सच्या भाषेचं लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनमध्ये भाषांतर करतात. थोडा वेळ त्यात जातो, कधी उलट वाचतो. ‘एल्डन रिंग’ २०२२ मध्ये आला तेव्हा पीसीवर अडखळायचा. व्हॉल्व्हच्या लोकांनी मूळ कंपनीची वाट न बघता या मधल्या थरातच दुरुस्ती केली.

आता अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये फसवणूक पकडणारी साधनं. इथे मेसेजवाल्याच्या हाताला काहीतरी लागलंय, ते नाइलाजानं मान्य करतो. लिनक्सवर ‘व्हॅलोरंट’ चालत नाही, ‘फोर्टनाइट’ नाही, ‘लीग ऑफ लेजंड्स’ व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आल्यापासून नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, तो ३१ ऑक्टोबर २०२४ ला बंद केला. ‘जीटीए ऑनलाइन’ला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट बसवलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. तेही बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात हे माहीत असताना. गेमच्या मालकानं होकार द्यायचा असतो, तो दिला नाही. अर्थात त्यांची अडचण अगदीच खोटी नाही. व्हॅनगार्डसारखी साधनं विंडोजच्या कर्नलमध्ये बसतात. लिनक्सवर कर्नल मीच बांधू शकतो, मग त्यातून येणाऱ्या उत्तरावर कंपनीनं भरवसा कसा ठेवायचा? यावर मला पटेल असं उत्तर अजून तरी कोणी दिलेलं नाही. तुमची दोस्तमंडळी हेच गेम खेळत असतील तर विंडोज ठेवा, उगाच तत्त्वासाठी एकटे पडू नका.

पण मेसेजमध्ये ‘एकही ऑनलाइन गेम चालत नाही’ असं लिहिलंय. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ लिनक्सवर थेट चालतात, प्रोटॉनशिवाय. स्टीमवर सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या गेमच्या यादीत वर कोण असतं ते जाऊन बघा.

शेवटचा मुद्दा: ‘लोकी बुडाली, स्टीम मशीन बुडालं, हेही बुडणार.’ लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी २००२ मध्ये बंद पडली हे खरं. ती एकेक गेम लिनक्ससाठी नव्यानं बांधायची, आणि तो बाजारात येईपर्यंत लोकांनी विंडोजची प्रत घेतलेली असायची. २०१५ च्या स्टीम मशीनचंही, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या गेमिंग पीसींचं, दुखणं तेच, खास लिनक्ससाठी बांधलेले गेमच कमी. २०१८ मध्ये प्रोटॉन आलं ते ही अट काढून टाकायला. म्हणून कंपन्या वेगळी लिनक्स आवृत्ती फारशा काढत नाहीत ही तक्रार बरोबर आहे, फक्त तिचा अर्थ ‘गेम नाहीत’ असा होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सनं पहिल्यांदाच ३ टक्के ओलांडले. त्यात बराचसा वाटा स्टीम डेकचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या हातात धरायच्या, लिनक्सवर चालणाऱ्या गेमिंग यंत्राचा आहे, डेस्कटॉपवाल्यांनी उगाच छाती फुगवू नये.

राहिली भीती, व्हॉल्व्हनं उद्या हात आखडता घेतला तर? वेग नक्की मंदावेल, कारण या कामातल्या बऱ्याच जणांचे पैसे तीच कंपनी देते. पण वाइन, डीएक्सव्हीके, मेसा (लिनक्सचे ग्राफिक्स ड्रायव्हर) या सगळ्यांचा कोड खुला आहे, आणि वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे. स्टीम आलं त्यानंतर दहा वर्षांनी.