दोन वर्षांच्या मुलाला एकटं बसायला शिकवा

लहान मूल घेऊन परदेशी निघालात? उत्तम. मुलीला आत्याकडे न्यावं, आत्याने तिला एकदा डोळे भरून बघावं, व्हिडिओ कॉलवर किती दिवस पापे घ्यायचे, असले हट्ट आपल्याकडे चांगली शिकली-सवरलेली माणसंही करतात. आम्हीही केला. परवाच न्यू जर्सीहून ठाण्याला परत आलोय. बॅगा अजून हॉलमध्ये उघड्या पडल्यात आणि कन्या पहाटे तीनला उठून 'पोहे' मागतेय. तेव्हा सांगतोय ते ताजं आहे, लिहून घ्या.

सर्वप्रथम विमानतळ गाठा. विमान पहाटेचं असलं की नातेवाईक म्हणतात, "रात्री काय, रस्ता मोकळाच." हे नातेवाईक पुण्याचे असतात. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला माहीत असतं की दिवसा अडवून ठेवलेले कंटेनर रात्रीच सुटतात आणि मेट्रोवाल्यांनाही कामाला रात्रच सापडते. कासारवडवलीहून माजिवड्याला पोचेपर्यंत कन्येचं एक दूध, एक शी आणि 'आलं का विमान?' हा प्रश्न अनेकवार होऊन गेला होता. मुलुंडच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही. गाड्या मात्र जुन्या ओळखीखातर तिथे अजून थांबतात. शिवाय एखादे काका फोन करून विचारतातच, "अरे, आता नवी मुंबईचं विमानतळ झालंय की! तिथून का नाही?" त्यांच्याशी वाद घालू नका. 'पुढच्या वेळी नक्की' म्हणा आणि मुकाट्याने टर्मिनल दोनकडे वळा.

मुलाचं वय नीट निवडा. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत नेलंत तर मूल मांडीवर बसतं आणि भाडं मोठ्यांच्या साधारण दहा टक्के पडतं. दुसरा वाढदिवस उलटला की स्वतंत्र सीट आणि भाडं जवळजवळ मोठ्या माणसाइतकं. सुट्टीच्या मध्येच वाढदिवस आला तर परतीला सीट घ्यावी लागते. म्हणजे केक तिकडे कापायचा आणि आहेर कंपनीला करायचा.

मांडीवरच्यांसाठी पुढच्या भिंतीला पाळणा लावून मिळतो. त्याला वजनाची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास. आजीने साजूक तूप आणि मेतकूट-भातावर वाढवलेलं मूल त्यात बसेल याची खात्री नाही. बसलं आणि झोपलंही, तरी निर्धास्त राहा. विमान जरा हललं की पट्टे बांधायचा दिवा लागतो आणि मुलाला पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं. तो नियम आहे आणि योग्यच आहे. दिवा मूल झोपल्यावरच लागावा असा मात्र कुठे नियम नाही, तरी तो फार काटेकोर पाळला जातो.

स्ट्रोलर न्या. मधल्या विमानतळावर तो मिळेलच असं नाही, पण त्याची आठवण काढत मूल कडेवर घेऊन चालता येतं.

आता मुख्य सल्ला. मुलाला एकटं बसायला शिकवा.

तिघांचं तिकीट एकत्र काढा, एकाच पीएनआरवर. फॉर्ममध्ये मुलीची जन्मतारीख भरा. मग पुढच्या पानावर सीटांचा नकाशा येतो, आणि बाजारात भाजीवर पाटी खोचलेली असते तशी प्रत्येक सीटवर किंमत खोचलेली असते. तुम्ही म्हणाल, मूल एवढंसं आहे, ते आईजवळच बसवतील, त्याचे वेगळे पैसे कशाला? काय हो तुम्ही! आईच्या शेजारी बसणं ही चैन आहे. खिडकीची सीट, पाय पसरायची जादा जागा, आई. ज्याला परवडेल त्याने घ्यावी.

आम्ही घेतली. पैसे भरले, ओळीने तीन सीटा मिळाल्या, त्याचा ईमेलही आला. मग निघायच्या दिवशी कंपनीने विमान बदलून दुसऱ्या जातीचं आणलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरने सगळ्यांना नव्याने बसवलं. मी चोविसाव्या ओळीत. बायको एकतिसाव्या. आणि कन्या अडतिसाव्या ओळीत, मधल्या रांगेच्या अगदी मध्ये, दोन्ही बाजूंना दोन अनोळखी बाप्ये. तिचा स्वतंत्र बोर्डिंग पास होता. तो तिने कोपऱ्यातून थोडा खाल्लाही.

काउंटरवर म्हणाले, "गेटवर करून देतील." गेटवर म्हणाले, "आत क्रू बघतील." आत क्रू म्हणाले, "सर, तुम्ही प्रवाशांना रिक्वेस्ट करून बघा." म्हणजे काम सरकत सरकत शेवटी माझ्याच गळ्यात. मागून लोक बॅगा घेऊन ढकलतायत, कडेवर पोर, खांद्याला डायपरची पिशवी, आणि मी अडतिसाव्या ओळीत उभा राहून मतं मागतोय.

म्हणून म्हणतो, घरी सराव करून घ्या. सोफ्यावर मुलाला मध्ये बसवा, दोन बाजूंना सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार बसवा, आईला लिफ्टपाशी उभी करा. आता मुलाला पट्टा लावायला, सोडायला, समोरचा टेबल उघडायला आणि 'अंकल, मला शू आलीये' हे इंग्रजीतून सांगायला शिकवा. ते जमलं की मास्कचा धडा घ्या. सुरक्षेच्या सूचनांमध्ये हसऱ्या चेहऱ्याने सांगतात ना, ऑक्सिजनचे मास्क खाली आले तर आधी स्वतःला लावा, मग मुलाला लावा. बरं, लावतो. सात ओळी पार करून जाऊन लावतो. कसा, तेही दाखवा त्या व्हिडिओत! का सेक्रेटरी लावणार तिला मास्क?

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, आपल्याकडच्या विमानकंपन्यांना बजावलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाजवळ सीट द्या आणि तशी नोंद ठेवा. आमची कंपनी देशी होती की परदेशी, हे मी सांगणार नाही, माझ्या ओळखीत वकील नाही. पण दोन वर्षांचं पोर परक्यांमध्ये बसवू नये, हे समजायला परिपत्रक लागतं?

कडेच्या सीटवर एक गृहस्थ होते. कानावर मोठे हेडफोन. मी त्यांना माझी सीट देऊ केली, तीही कडेचीच, उलट चौदा ओळी पुढची. त्यांनी एका कानावरचा हेडफोन अर्धा उचलला आणि म्हणाले, "आय हॅव पेड फॉर धिस सीट." बरोबर आहे. भरलेच होते त्यांनी. मीही भरले होते. आम्ही दोघं, पैसे भरलेले दोन ग्राहक, एकमेकांकडे खुन्नस देऊन बघत होतो आणि दोघांचेही पैसे ज्यांच्याकडे गेले ते मागे ट्रॉलीत पाण्याच्या बाटल्या लावत होते. हा धंदा मला फार आवडला. माल विकायचा, तो द्यायचा नाही, आणि गिऱ्हाइकांची आपसात जुंपून द्यायची.

शेवटी पलीकडच्या बाजूचा मुलगा उठला. एमएसला निघालेला असावा, मानेची उशी अजून गळ्यातच होती. त्याने पायाखालची बॅग ओढली, बायकोला म्हणाला, "काकू, तुम्ही बसा इथे," आणि एकतिसाव्या ओळीत निघून गेला. तिथे त्याला मधली सीट मिळाली. त्या पोराला परदेशात चांगली रूम आणि त्याहून चांगले रूममेट मिळोत.

खाण्याचं बघा. मुलांचं जेवण निदान चोवीस तास आधी सांगून ठेवावं लागतं. सांगा. येईल. मूल खाणार नाही. डब्यात पास्ता, बिस्कीट, चॉकलेट, वर एक गोड दही असतं. कन्येने चार चुरमुरे खाल्ले आणि उरलेले गृहस्थांच्या बुटात मोजून ठेवले. मला अडवावंसं वाटलं नाही.

बाळाचं दूध आणि मऊ खाणं हातातल्या बॅगेतल्या पातळ पदार्थांच्या शंभर मिलिलिटरच्या नियमातून वगळलेलं असतं, प्रवासाला पुरेल इतकं नेता येतं. तरी सुरक्षा तपासणीत खिचडीचा थर्मास तीनदा उघडायची तयारी ठेवा.

मोबाइल दिलात तर 'आजकालचे आईबाप', न दिलात तर 'अहो, मोबाइल तरी द्या तिला'.

औषध मात्र जरूर पाजा, असं मी नाही, समोरच्या काकू म्हणाल्या. आपल्याच मराठी, त्यामुळे हक्काने. "आमच्या वेळी निघताना सर्दीचं औषध एक चमचा पाजायचो, पोर थेट मुक्कामालाच डोळे उघडायचं." काकू, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापा म्हणून आपल्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. तेही सर्दी झालेल्या मुलांबाबत. माझ्या मुलीला सर्दी नव्हती, तुम्हाला झोप हवी होती. झोपेची गोळी तुम्ही घ्या ना. शिवाय असल्या औषधांनी काही मुलं पेंगण्याऐवजी उलटी चेकाळतात. ढगांच्या वर, दार बंद असताना, चेकाळलेलं पोर बघायचंय तुम्हाला?

रडणारं मूल बापाकडे द्या. हा एकच सल्ला मी मनापासून देतोय. तीच मुलगी, तेच रडणं. बायको तिला घेऊन फेऱ्या मारत होती तेव्हा प्रत्येक ओळीतून च्यॅक् येत होतं. मी घेतल्यावर हवाईसुंदरी हसली, एका आजींनी मला चिक्की दिली, आणि कुणीतरी "किती करतो हो मुलीचं" असंही म्हणालं. काय करत होतो? मागच्या टॉयलेटपर्यंत जात होतो आणि परत येत होतो. तिने आधी दोन तास तेच केलं होतं. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती फक्त बघत राहिली माझ्याकडे. चिक्कीही तिनेच खाल्ली, आणि बरोबर केलं.

विमान उतरायला लागलं की मुलं एकदम किंचाळतात. कारण साधं आहे. खाली येताना केबिनमधला दाब वाढतो, कानातून घशाकडे जाणारी नळी लहान मुलांमध्ये अरुंद असते, दाब पटकन जुळत नाही आणि कान ठणकतो. काही गिळलं की ती नळी उघडते, म्हणून उतरताना दूध, पाणी, काहीतरी चोखायला द्यायचं, झोपलेलं असेल तर उठवून द्यायचं. ते करत असताना गृहस्थ "श्शू, श्शू" करत होते. वैद्यकशास्त्रात याचा उपयोग नाही, पण करू द्या.

तिकडे पोचल्यावर घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे जातं. मूल जात नाही.

आणि मग चाकं जमिनीला लागतात. विमान अजून पळतंय, पट्ट्याचा दिवा लाल आहे, माइकवरून बसा-बसा ओरडतायत, आणि ते गृहस्थ उभे! वरचा कप्पा उघडून, बॅग माझ्या मुलीच्या डोक्यावर टांगती धरून उभे. अर्धं विमान उभं. जी माणसं इतके तास एका दोन वर्षांच्या मुलीला 'सिट डाऊन बेबी' सांगत होती, ती सगळी. त्यांतला एक हेडफोन न लावता रील बघत आला होता आणि एकाने बूट काढल्यापासून चार ओळींनी नाक धरलं होतं. त्यांच्याकडे बघून कुणी च्यॅक् केलं नाही. तिच्याकडे बघून केलं. ती दोन वर्षांची आहे हो. कान दुखला की ती रडणार. तुमचं काय दुखत होतं?

आणि कंपनीवाल्यांनो, आता सरळच बोलतो. मुलगी दोन वर्षांची झाली हे तुम्हाला बरोब्बर कळतं. पूर्ण सीटचं भाडं लावायचं असतं तेव्हा जन्मतारीख लख्ख दिसते, एका दिवसाचीही सूट मिळत नाही. मग त्याच कॉम्प्युटरला सीट वाटताना ती तारीख का दिसत नाही? हे काही रॉकेट उडवायचं काम नाही. एक पीएनआर, एक मूल, एक आई, दोन लागून सीटा. आधी या बसवा, मग उरलेल्या विका. विमान बदललंत तर आधी मुलांच्या सीटा लावा. तुमच्या पोरीला बसवाल का अशी, परक्यांमध्ये, आईपासून सात ओळी लांब? नाही ना बसवणार? मग माझ्या मुलीसाठी मला विमानात हात जोडत फिरायला का लावता? आणि वर ते काउंटर, गेट, क्रू असं टोलवणं. तुमच्यातल्या एकाने, फक्त एकाने, "थांबा, मी करून देतो" म्हणायचं होतं. लाज वाटायला हवी.

तक्रार केली मी. उत्तरही आलं. माझ्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार मानलेत, आणि पुढच्या प्रवासात सीट निवडताना पंधरा टक्के सवलत दिलीय. कूपन नको म्हणून परत कळवलंय, आणि भरलेले सीटांचे पैसे मागितलेत. तेवढ्याचं उत्तर यायचंय.