जिना कशाला, फॉर्म बी आहे ना!

जुलै आला की मालकहो, उगाच धसका घेऊ नका. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर टाकली आहे खरी. पण वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जमा केला की काम झालं. एजन्सीचा माणूस आला की त्याला केबिनमध्ये बसवा, कटिंग पाजा, सही-शिक्का घ्या. मजले चढायला लावून त्याचे गुडघे कशाला दुखवायचे?

आगीच्या पाण्याचा पंप सारखा सुरू होऊन लाइटबिल वाढतंय? पाइप गळत असणार. पाइपाला हात लावू नका, पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर करा. अलार्मचा बिघाड दाखवणारा पिवळा दिवा दिवाळीपासून लुकलुकतोय, तो शोभेला राहू द्या. लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यातून खाली घसरला असेल, तर नव्या तारखेचं स्टिकर लावा. रिफिलपेक्षा स्टिकर स्वस्त पडतं.

खरी दौलत म्हणजे मागचा जिना. बिनभाड्याचं गोडाऊन! पुठ्ठ्याचे खोके, थर्माकोलचं मखर, मोडक्या खुर्च्या, पाच वर्षांची बिलं, सगळं मावतं. ऑडिटात ‘जिना मोकळा ठेवावा’ असा शेरा आलाच, तर खोके एक मजला वर चढवा, फोटो काढा, खोके परत खाली आणा. पुढचा फोटो वरच्या मजल्याचा. आणि दाराला कुलूप हवंच, चोरांचा काय भरवसा? किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावी. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीला साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत पाच कामगार झोपले होते आणि शटरला बाहेरून कुलूप होतं. पाचही गेले. पण ते दुकान त्यांचं, तुमचं थोडंच आहे?

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या पबमध्ये आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हा बेकायदा बांधकामांवर महापालिकेचे हातोडे मुंबईभर फिरले होते. तसे दिवस आले तर गच्चीवरची ताडपत्री काढून ठेवा. हातोडे दमतात.

राहिलं मॉक ड्रिल, म्हणजे आगीत बाहेर पडायची रंगीत तालीम. ते एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात, बरोबर लंच टायमाला ठेवा. निम्मा स्टाफ तसाही खाली टपरीवर असतो. ‘तीन मिनिटांत इमारत रिकामी’ असं रजिस्टरला बिनधास्त लिहा. पाचव्या मजल्यावरच्या अकाउंट्सवाल्यांना मात्र उठवू नका, २० तारखेला जीएसटी भरायचाय.