मी काय दिलं होतं, सांग!

वाद पेटला तो नानांच्या फोनमुळे. आले, कट्ट्यावर टेकले, चष्मा कपाळावर चढवला आणि फोन थेट पिंट्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

पिंट्याचाच मेसेज होता. वर जोडलेले हात, खाली गुलाब आणि मध्ये मजकूर: "आमच्या विवाहप्रसंगी आपण दिलेल्या शुभेच्छा व भेटीबद्दल मनःपूर्वक आभार. आभार मानून आपणास परके न करता आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो."

"आभार आहेत नाना ते."

"पहिल्या ओळीत मानलेस आणि दुसऱ्या ओळीत परत घेतलेस. एक काय ते ठरव."

मी आणि मास्तर हसलो. पिंट्याला काही हसू आलं नाही. "अहो, तीनशे जणांना गेलाय तो. प्रत्येकाला वेगळं कुठं लिहीत बसू?"

"नको लिहूस. एवढंच सांग, मी काय दिलं होतं?"

पिंट्या गप्प. मग अंदाज सुरू झाले. "पाकीट?" नाही. "घड्याळ?" नाही. "थांबा थांबा, तो चादरींचा सेट तुमचा ना?" नानांनी फोन खिशात टाकला आणि रस्त्यावरची रहदारी बघत बसले. नाना भांडत असतात तोवर काळजी नसते, ते रहदारी बघायला लागले की समजावं, लागलंय.

पिंट्या माझ्याकडे वळला. "तू सांग यार. आपल्या माणसांत कसले आलेत आभार? लग्नात वाकून नमस्कार केला, फोटो काढला, वर परत चिठ्ठी?"

इतक्यात वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच वादात पडल्या. "नमस्कार केलास तेव्हा खोकं उघडलं होतंस का? नाही ना? मग तो नमस्कार त्यांना झाला, वस्तूला नाही. भावजी, चिठ्ठी म्हणजे आधी पोच असते. समजा मी तुला काहीतरी कुरिअरनं पाठवलं. पोचलं की नाही, फुटलं की धड आलं, मला कसं कळणार? विचारावं तर हिशोब मागितल्यासारखं दिसतं. म्हणून घेणाऱ्यानं आपण होऊन सांगायचं."

हे मला नेमकं बोचलं. माझ्या लग्नात आत्यानं स्वतः विणलेली शाल दिली होती. थंडीत ती माझ्या अंगावरच असते. पण हे आत्याला कधी सांगितलंच नाही, 'सांगायचंय काय त्यात' म्हणून. चार वर्षांनी भेटली तेव्हा निघताना दारात चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती शाल... मिळाली होती ना रे?" तिनं ती माझ्या हातात दिली होती. मिळाली का हा प्रश्नच नव्हता. मी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा नानांनी मान थोडी वळवली.

मग मास्तरांनी सूत्रं हातात घेतली. निवृत्त झाले तरी खडू सुटलेला नाही. त्यांचं म्हणणं, तीन-चार ओळी पुरतात, पण त्यांत वस्तूचं नाव आलंच पाहिजे आणि ती आता घरात कुठं आहे, काय करतेय हेही. "'आपली सुंदर भेट मिळाली' असं लिहिलं की समोरचा ओळखतो, यानं खोकं उघडलेलंच नाही."

"आणि पैसे दिले असतील तर? आकडा लिहू?"

"आकडा नको, पावती वाटते. त्याचं काय करणार ते लिही. कपाटासाठी साठवतोय म्हण, प्रवासाला वापरले म्हण."

पिंट्यानं हुकमी पान काढलं. "तीन मिक्सर आलेत. तिघांनाही 'रोज वापरतो' लिहू?"

इथे मास्तर अडकले. वहिनी अडकल्या नाहीत. "खोटं कशाला लिहायचं? आठवणीनं दिलंत, लांबून आलात, घर मांडताना मदत झाली, हे खरंय ना? तेवढं लिही. कुठला बदलून आणला हे कुणी विचारलेलं नाही." ऑफिसातल्या अकरा जणांनी मिळून दिलेल्या भेटीचाही निकाल त्यांनी लावला: सगळ्यांना मिळून एक चिठ्ठी, आणि भेटेल त्याला तोंडी. दोघा-तिघांनी मिळून दिलं असेल तर मात्र ज्याची त्याला वेगळी.

हातानंच लिहायचं की फोनवर चालेल, यावर बराच वेळ गेला आणि निष्पन्न काही झालं नाही. वहिनी कागदाच्या बाजूच्या. माझं मत असं की फोनवर लिहिलेलं, पण त्या एकाच माणसासाठी लिहिलेलं, छापील सोनेरी कार्डापेक्षा कितीतरी बरं. मास्तर दोन्हीकडून बोलले.

"घाई काय आहे पण?" पिंट्या म्हणाला. "वर्षभर चालतं म्हणतात."

"कोण म्हणतं?" मास्तर ताठ झाले. "शिष्टाचारावर १९२२ साली पुस्तक लिहिणाऱ्या एमिली पोस्ट, त्यांच्या नावाची संस्था अमेरिकेत अजून चालते. ती तीन महिने सांगते. वर्षाची सवलत ही नुसती हूल. तुझे किती झाले?"

"सव्वादोन."

"म्हणजे तू अजून सभ्य आहेस. काठावर."

मग पिंट्या जरा हळू आवाजात बोलला. आमच्या मते खरं कारण हेच होतं, बाकी सगळी टोलवाटोलवी. "मला लिहिता येत नाही हो. बसलो होतो एकदा. 'स.न.वि.वि.' लिहिलं आणि पुढं काही सुचेना. शाळेतलं पत्रलेखन वाटायला लागलं. म्हणून मग तो तयार मेसेज उचलला."

मास्तर एकदम मवाळ झाले. त्यांनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांचा, २०१८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये छापून आलेला. त्यांनी लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून आधीच घेतला. मग वाचणाऱ्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. तेवढं झालं नव्हतं. उलट त्यांना झालेला आनंद अंदाजापेक्षा जास्त निघाला. "लिहिणारा शब्द जमले का ते बघत बसतो," मास्तर म्हणाले, "आणि वाचणारा माया बघतो. तुझं शुद्धलेखन नानांनी काय तपासायचंय?"

"तपासणार," नाना रहदारीकडे बघत म्हणाले.

पण बर्फ वितळला होता. पिंट्यानं फोनमधली यादी उघडली. खोकी उघडताना त्याच्या बायकोनं शेजारी बसून केलेली: नाव, वस्तू, आणि चिठ्ठी गेली की पुढं बरोबरची खूण. तिच्याकडच्यांच्या बहुतेक खुणा झाल्या होत्या. याच्याकडची एकशे चाळीस नावं कोरी. वहिनींनी तिथल्या तिथं हिशोब केला, रोज पाच लिहिल्या तरी अठ्ठावीस दिवस. म्हणजे आज रात्री सुरू केलं तर तीन महिन्यांच्या जेमतेम आसपास.

"पहिली नानांना," वहिनींनी फर्मान काढलं.

पिंट्या यादी खालीवर करायला लागला. पुन्हा केली. "यात नानाच नाहीत."

"असं कसं? खोक्यावर नाव लिहिलं होतं मी," नाना आता पूर्ण वळले होते. "स्वच्छ अक्षरात."

"काय नाव?"

नानांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. रोज संध्याकाळी शेजारी बसतोय, आणि हे नाव आमच्यापैकी एकानंही आजवर ऐकलेलं नव्हतं.

पिंट्या यादीच्या तळाशी गेला आणि थांबला. मी वाकून पाहिलं. तेच नाव होतं, पुढं 'टेबलावरचा दिवा, पिवळी छत्री', आणि त्यापुढं त्याच्या बायकोनं लिहिलं होतं: 'कोण??? तुझ्याकडचे?'

त्याखाली पिंट्याचं उत्तर होतं. 'नाही. तुझ्याकडचे असतील.'

"कुठं ठेवलाय?" नानांनी विचारलं.

"पलंगाशेजारी," पिंट्या म्हणाला. "रोज रात्री मीच बंद करतो."